धुक्यातली सकाळ आणि आमचा इन्साफ

धुक्यातल्या सूर्योदयाचा फोटो ज्याने कधी काढून पाहिला असेल, त्याला एक अनुभव आलेला असतो. डोळ्यांना दुधासारखे दिसणारे धुके फोटोत राखेसारखे उतरते. समोरची सकाळ उजळ असते, हातातली सकाळ मळकी. आम्हांला हा अनुभव आला, तेव्हा पहिले दोन हिवाळे आम्ही सगळा दोष कॅमेऱ्याला दिला. कॅमेरा जुना होता, दुसऱ्याने वापरलेला होता, त्यामुळे दोष द्यायला सोयीचाही होता.

आमचे गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी आहे. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असते, वारा पडलेला असतो. रात्री जमिनीतली उष्णता वर निघून जाते, जमिनीलगतची हवा गार होते, आणि खाडीकाठी ओलावा मुबलक असल्यामुळे पहाटेपर्यंत त्याचे बारीक थेंब होऊन हवेत तरंगू लागतात. पाणी मात्र हवेइतके गार झालेले नसते; ते वाफाळते. फजरची नमाज पढून मशिदीबाहेर आले की समोरचा किनारा नाहीसा झालेला असतो. अशा वेळी आम्ही घरी न जाता धक्क्याकडे वळतो.

जानेवारीत आमच्याकडच्या वेळापत्रकावर सूर्योदयाची वेळ सात वाजून गेल्यानंतरची असते. पण पूर्वेला सह्याद्री उभा आहे, त्यामुळे वेळापत्रकातला सूर्य आधी उगवतो आणि आमचा नंतर. शास्त्रज्ञ तर सांगतात की क्षितिजावर टेकलेला जो सूर्य आपण पाहतो, तो खरे म्हणजे अजून क्षितिजाखालीच असतो; हवेत प्रकाश वाकतो म्हणून तो वर आलेला दिसतो. म्हणजे 'सूर्य उगवला' हे साधे वाक्यसुद्धा कोणाच्या हिशेबाने, हे विचारावे लागते. गंमत अशी की सूर्य वर येत असताना नमाज पढायची नाही असा आपल्याकडे हुकूम आहे. फजर संपलेली असते, इशराकची वेळ व्हायची असते. फोटो काढणाऱ्याला नेमकी हीच मधली मिनिटे हवी असतात. त्या मोकळ्या मिनिटांत आम्ही जे शिकलो ते इथे मांडायचे आहे.

आता धुके मळके का येते ते पाहू. कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारे एक मीटर असते. शटर किती वेळ उघडे ठेवायचे, किती प्रकाश आत घ्यायचा, हे ते सांगते. पण या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. त्याच्यापर्यंत फक्त परत आलेला प्रकाश पोहोचतो. ती वस्तू मुळात पांढरी आहे की काळ्या वस्तूवर भरपूर ऊन पडले आहे, हे त्याला समजण्याचा मार्ग नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी त्याला एक गृहीत शिकवून ठेवले आहे: समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम राखाडी असणार. छायाचित्रकार यासाठी एक राखाडी पुठ्ठा बाळगतात. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के तो परत फेकतो. जगातल्या बहुतेक दृश्यांत काळे-पांढरे एकत्र मिसळलेले असते, म्हणून हे गृहीत बहुतेक वेळा निभावून जाते. जिथे निभावत नाही तिथे मीटर चुकते, आणि चुकले हे त्याला कळतही नाही.

वर्गात आम्ही हे एका सोप्या प्रयोगाने दाखवतो. पांढरी टोपी घ्या, फोटोची सगळी चौकट तिने भरून टाका आणि मीटर सांगेल तसा फोटो काढा. टोपी राखाडी येते. मग काळा बुरखा घ्या, तोही तसाच चौकट भरून काढा. बुरखाही राखाडी येतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर टोपी कोणती आणि बुरखा कोणता हे कपड्याच्या विणीवरून ओळखावे लागते. मुले खूप हसतात. मीटरने दोघांनाही समान वागणूक दिलेली असते, आणि दोघांवरही अन्याय केलेला असतो.

धुके हे या टोपीसारखे आहे. त्याचे थेंब इतके मोठे असतात की ते प्रकाशातले सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते. मीटर म्हणते, एवढा प्रकाश? हे मध्यमपेक्षा जास्त झाले, खाली आणा. आणि ते पांढऱ्याला राखाडी करून टाकते. उपाय सोपा आहे. मीटर सांगते त्यापेक्षा एक स्टॉप, कधी दीड स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याची एक कळ त्यासाठीच असते. पण ती कळ किती फिरवायची हे सांगणारे यंत्र नाही. ते ठरवायला आधी माणसाला माहीत असावे लागते की समोर आहे ते धुके आहे आणि धुके पांढरे असते. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास यावर एक पद्धतच बसवली. त्यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या कल्पिल्या. मीटर प्रत्येक वस्तूला मधल्या, पाचव्या पायरीवर आणून ठेवते. तिची जागा तिथे नसेल तर फोटो काढणाऱ्याने तिला तिच्या पायरीवर नेऊन ठेवावे. एखादी गोष्ट तिच्या जागी ठेवणे म्हणजे अदल, आणि जागेवरून हलवणे म्हणजे जुल्म, ही व्याख्या आम्ही मदरशात लहानपणी ऐकली होती. ती पुन्हा भेटली ती कॅमेऱ्याच्या पुस्तकात.

इथवर सगळे ठीक होते. धुके पांढरे यायला लागले आणि आम्हांला वाटले की आपल्याला एक्स्पोजर समजले. मग एका सकाळी धुक्यात होडी आली.

धक्क्यापासून वीसेक मीटरवर एक छोटी होडी होती. तिच्यात एक माणूस उभा राहून पाग टाकण्याच्या बेतात होता आणि मागे बसलेले कोणी लहानसे वल्हे सांभाळत होते. त्यांच्या मागे सूर्य नुकताच डोंगरावरून वर आला होता आणि धुक्यामुळे त्याच्याकडे सरळ पाहता येत होते, चांदीच्या ताटलीसारखा. (पाहता येते म्हणून पाहत राहू नये, कॅमेऱ्याच्या भिंगातून तर मुळीच नाही, डोळे जातात.) इथे नवी अडचण होती. चांगला कॅमेरा १२ ते १४ स्टॉपपर्यंतचा उजेड-अंधार एका वेळी धरू शकतो. आमचा जुना कॅमेरा त्याहून कमी. सूर्याची ताटली आणि माणसाची छायेतली बाजू यांत त्याहून मोठे अंतर पडलेले. सूर्य गोल आणि केशरी हवा असेल तर माणूस काळा होणार. माणसाचा चेहरा हवा असेल तर दोन-तीन स्टॉप जास्त द्यावे लागणार आणि सूर्य धुक्यात विरघळून एक पांढरा डाग होणार. दोन्ही एकदम मिळत नव्हते. शिवाय डिजिटल कॅमेऱ्याचा एक स्वभाव आहे: जे जास्त प्रकाशाने जळून पांढरे झाले ते कायमचे गेले, जे अंधारात राहिले त्यातले थोडेफार नंतर वर काढता येते, पण त्यात वाळूसारखे दाणे येतात. म्हणून शिकवणारे सांगतात की उजळ भाग आधी वाचवा. आम्ही सूर्य वाचवला. विचार करायला वेळ नव्हता असे म्हणता येईल, पण ते खरे नाही. आम्हांला सूर्यच हवा होता.

फोटो सुंदर आला. पिवळसर-केशरी धुके, मधोमध सूर्य, आणि त्याच्यावर काळ्या शाईने काढल्यासारखा पाग उचललेला माणूस. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या चित्रांबरोबर तो मोठा करून लावला. ज्याने त्याने वाखाणला. जमातीतले एक बुजुर्ग तर म्हणाले, "मास्तर, हा फोटो चांगला. कोणाचा चेहरा दिसत नाही, कोणाला काही हरकत घ्यायला नको." त्यांच्या म्हणण्यामागे एक जुना वाद आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटो म्हणजे चित्र घडवणे नव्हे, नुसती सावली धरून ठेवणे आहे, असे म्हणून त्याला परवानगी दिली होती. आपल्याकडच्या अनेक उलेमांना ते मान्य झाले नाही. आजही घराघरांत दोन्ही मते आहेत. त्या वादात आम्हांला इथे शिरायचे नाही. आमच्या फोटोत तर शब्दशः सावलीच होती, त्यामुळे दोन्ही बाजूंनी आम्ही सुरक्षित होतो.

दुपारी नववीचा एक मुलगा फोटोजवळ बराच वेळ उभा होता. आम्ही शेजारी गेलो तेव्हा त्याने होडीच्या मागच्या टोकाच्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, "सर, हा मी."

हा मुलगा आमच्या माहितीचा होता, म्हणजे आमचा तसा समज होता. त्या वर्षी पहिल्या तासाला तो अनेकदा उशिरा आला होता, आणि वेळेवर आला तरी पेंगत असे. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल खुणा होत्या. त्या आमच्या हातच्या. रात्री मोबाईल बघत जागतो, असे आम्ही ठरवून टाकले होते, कारण उशिरा येणारी बहुतेक मुले रात्री मोबाईल बघत जागतात. हे आम्ही त्याला कधी विचारले नव्हते. वर्गासमोर दोनदा बोललो मात्र होतो. तो गप्प राहिला, आणि गप्प राहणे ही आम्ही कबुली मानली. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, आणि तिच्याबरोबर जाळ्याचीही. म्हणजे त्याचा उशीरही पाण्याबरोबर पुढेमागे होत असणार. तो पट उघडून कोणी लाल खुणा आणि भरतीचे कोष्टक शेजारी ठेवले असते, तर त्यालाही ते दिसले असते. आम्ही ठेवले नाही. बहुतेक मुले अशी असतात, म्हणून हाही तसाच: मीटरचे गृहीत आम्ही आमच्या डोक्यात जसेच्या तसे बसवून घेतले होते.

सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहण्याची ताकीद आहे. तिच्यावर आम्ही शाळेत परिपाठाच्या वेळी बोललोही आहोत. पण गुमान म्हणजे काहीतरी दुष्ट, मुद्दाम केलेला संशय, असे आम्ही धरून चाललो होतो. आमच्या मनात त्या मुलाबद्दल द्वेष नव्हता. मीटरच्याही मनात धुक्याबद्दल द्वेष नसतो. बहुतेक अन्याय असाच घडत असावा, मनात काही न ठेवता, नेहमीच्या अंदाजाने. आणि असा अंदाज दहापैकी आठ वेळा बरोबर येतो हीच त्यातली पंचाईत. दहापैकी दहा वेळा चुकणारे मीटर कोणी वापरले नसते.

पहाट ओळखण्याच्या बाबतीत आपल्याकडे किती सावधगिरी आहे, याचा या निमित्ताने आम्ही पुन्हा विचार केला. पूर्वेला पहिला उजेड दिसतो तो खरा नव्हे. तो उभा असतो, कोल्ह्या-लांडग्याच्या शेपटीसारखा वर गेलेला. त्याला सुबह काझिब म्हणजे खोटी पहाट म्हणतात. तो विरतो. मग आडवा पसरत जाणारा उजेड येतो, ती सुबह सादिक. रोजा तिथून सुरू होतो. सूरह बकरामध्ये पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा आहे. अदी बिन हातिम (रजि.) यांनी ते ऐकून खरोखरच एक काळी आणि एक पांढरी दोरी उशाखाली ठेवली आणि रात्री उठून बघत राहिले, दोन्हींतला फरक काही दिसेना. त्यांनी हुजूर (स.) यांना सांगितले तेव्हा त्यांनी समजावले की धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. ही हकीकत हदीसमध्ये आहे, आणि शिक्षक म्हणून आम्हांला ती फार आवडते. मनुष्य प्रामाणिक होता, साधन चुकीचे होते, आणि त्याच्यावर कोणी रागावले नाही. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असताना सुबह सादिक होते असा अनेक वेळापत्रकांचा हिशेब असतो, काही जण १५ अंश धरतात. १८ टक्के राखाडी आणि १८ अंशांची पहाट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आकडे जुळले की माणसे लगेच अर्थ लावतात म्हणून सांगून ठेवतो.

आणखी एका माणसाची इथे आठवण होते. बसऱ्यात सन ९६५ च्या सुमारास जन्मलेले आणि पुढे कैरोत राहिलेले इब्न अल-हैसम. 'किताबुल मनाजिर' हा त्यांचा ग्रंथ. २०१५ साली युनेस्कोने प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे केले, तेव्हा या ग्रंथाला हजार वर्षे झाल्याचे निमित्तही त्यात होते. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, हे जुने मत त्यांनी खोडले आणि प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो हे दाखवले. शाळेत आपण एवढेच शिकवतो. पण त्यांचे दुसरे म्हणणे आम्हांला जास्त मोलाचे वाटते. नुसता प्रकाश आत आला म्हणजे पाहणे पूर्ण होत नाही. त्यात ओळख असते, तुलना असते, निवाडा असतो, आणि हे सगळे इतक्या झटपट होते की आपण निवाडा केला हे आपल्याला कळतच नाही. आपल्याला वाटते, आपण फक्त पाहिले. तीव्र उजेडात मंद गोष्टी दिसेनाशा होतात हेही त्यांनी नोंदवले आहे. दिवसा तारे असतात, दिसत नाहीत.

मुलाला आम्ही त्या दिवशी काय बोललो? फारसे काही नाही. "वडिलांना घेऊन ये, फोटो दाखव," एवढेच. माफी मागायला हवी होती. ती आम्ही चार दिवसांनी मागितली, आणि तीही वर्गासमोर नाही. बोललो मात्र वर्गासमोर होतो. हा हिशेब अजून बरोबर झालेला नाही.

वडील आले. मासे विकून झाल्यावर, त्याच कपड्यांत आले आणि दारातच थांबले. फोटो बघून हसले. मग जवळ गेले, लांब गेले, आणि आपल्या कोकणी बोलीत त्यांनी विचारले, "सर, याच्यात मी कुठं आहे?"

आम्ही बोट दाखवले. ते म्हणाले, "ही होडी माझी, तो पाग माझा. पण मी कुठं आहे?"

मग आम्ही समजावू लागलो. सूर्य मागे होता. कॅमेऱ्याची मर्यादा. उजळ भाग जपावा लागतो. यालाच फोटोग्राफीत सिल्हूट म्हणतात, मोठमोठे लोक मुद्दाम असे काढतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि पटल्याचेही दिसत नव्हते. निघताना एवढेच म्हणाले, "सूर्य तर रोज उगवतो."

या वाक्याने आम्हांला त्रास दिला. आमची बाजू अगदीच लंगडी नव्हती. फोटो म्हणजे ओळखपत्र नव्हे. धुक्यात उभा असलेला माणूस काळसर दिसतो हे काही खोटे नाही. आमच्या डोळ्यांनाही तो जवळजवळ तसाच दिसत होता. आणि जे दिसले तेच दाखवले, असा दावा करता येत होता. पण 'जवळजवळ' या शब्दात फसवणूक होती. आम्हांला तिथे त्याचा सदरा दिसत होता, पांढरी पडत चाललेली दाढी दिसत होती. कॅमेऱ्यापेक्षा डोळ्याची झेप मोठी असते. डोळ्याला जे दिसले ते कॅमेऱ्यात मावत नव्हते, तेव्हा काय सोडायचे हे आम्ही ठरवले. सोडावे लागणे हा कॅमेऱ्याचा नाइलाज होता. माणूस सोडणे ही आमची निवड होती. नाइलाज पुढे करून आम्ही निवड झाकत होतो.

वाचकांना हा आमचा हळवेपणा वाटेल, तर त्यांनी रमजान ईदच्या नंतरचे कोणतेही वर्तमानपत्र काढून पाहावे. ईदगाहावर सजद्यात गेलेल्या पाठींच्या रांगा, वरून घेतलेला फोटो, शेकडो पांढऱ्या टोप्या. फोटो देखणा असतो, आणि काढणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते हे आम्ही मान्य करतो. पण वर्षानुवर्षे पाठीच बघत आलेल्या वाचकाला समोरून येणारा मुसलमान ओळखता येत नसेल, तर त्यात नवल काय? आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. तालुक्याच्या बैठकीत आम्ही मराठीत बोललो की अजून एखादा तरी मनुष्य "तुमचे मराठी चांगले आहे हो" म्हणतो. त्याने आमच्यासाठी एक राखाडी पुठ्ठा आधीच तयार ठेवलेला असतो. आम्ही या गोष्टीची तक्रार पुष्कळ केली आहे, लेखांतून आणि भाषणांतून. आणि तक्रार करणाऱ्या आमच्या भिंतीवर एका मच्छीमाराची काळी आकृती लावलेली होती, आणि त्याचा मुलगा आमच्या पटावर आळशी म्हणून नोंदलेला होता. दुसऱ्याच्या मीटरमधली चूक सांगताना आपले मीटर कोणत्या आकड्यावर लावलेले आहे, हे पाहायचे आमच्याकडून राहून गेले होते.

तांत्रिक सुटका कोणती, हे आम्ही शोधले. एकाच दृश्याचे तीन फोटो काढायचे, एक उणे, एक बरोबर, एक अधिक, आणि नंतर ते एकत्र जोडायचे. डोंगर असेल तर हे जमते. होडी हलते, जोडलेल्या फोटोत माणसाला तीन हात येतात. अर्धी काच काळी असलेला फिल्टर मिळतो, त्याने वरचे आभाळ दबते. पण आमच्या फोटोत माणूस सूर्याच्याच पुढे उभा होता, त्याचे डोके आभाळाबरोबरच दबले असते. आता मोबाईल हे सगळे स्वतःच, क्षणात करतो. शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्याच धक्क्यावरून मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. सूर्य गोल होता, चेहरेही दिसत होते, झाडेही हिरवी. फक्त धुके कुठे गेले ते कळत नव्हते. सगळ्यांना खूश ठेवणाऱ्या पंचासारखा तो फोटो होता, कोणाचेच फारसे खरे न करणारा. आम्हांला तो आवडला नाही. पण हेही कबूल केले पाहिजे की होडीतल्या माणसाला तो आमच्या फोटोपेक्षा नक्की आवडला असता.

पुढच्या जानेवारीत आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि विचारले, तुमचा फोटो काढायचा आहे, कसा काढू? मागच्या वर्षी हा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता. त्यांनी अटी घातल्या. होडीला नवा रंग दिला होता, तो दिसला पाहिजे. पुढच्या टोकाला रंगवलेले नाव वाचता आले पाहिजे. पाग नवा आहे. मासे मिळाले तर मासेही. आम्ही म्हटले, मग सूर्य येणार नाही. ते म्हणाले, "त्याला कशाला?"

दुसऱ्या दिवशी धुके भरपूर होते. आम्ही सवयीने धक्क्यावर तिवई लावू लागलो. त्यांनी होडीतून हाक मारली, "सर, तिथून माझी पाठच येणार. होडीत बसा." आम्ही बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून होडीत चढलो; चिखल होताच. मुलगा वल्हवत होता. त्याने होडी बरीच पुढे, पूर्वेकडे नेली आणि फिरवली. आता सूर्य आमच्या पाठीमागे होता आणि वडिलांच्या तोंडावर. तीन स्टॉप की दोन, हा आमचा वर्षभराचा प्रश्न त्या मुलाने वल्ह्याने सोडवला होता. आमचे उभे राहण्याचे ठिकाण बदलू शकते, हे आमच्या डोक्यात आलेच नव्हते, कारण धक्का सोयीचा होता आणि कोरडा होता.

मागे पांढरे धुके होते, म्हणून मीटरपेक्षा एक स्टॉप जास्त दिला. तेवढे मात्र पहिल्यासारखेच. चार बोय आणि एक चिंबोरी मिळाली होती, ती त्यांनी पुढ्यात मांडून ठेवली. कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या आलेखात उजळाची टेकडी उजवीकडे, काठाला न लागता उभी होती, म्हणजे हिशेबाने एक्स्पोजर बरोबर होते.

फोटोत त्यांचे डोळे मिटल्यासारखे आले आहेत. ऊन सरळ डोळ्यांवर होते, दुसरे काय होणार! आम्ही म्हटले, पुन्हा काढू, थोडे तिरके बसा. ते नको म्हणाले. त्यांनी नाव वाचून पाहिले, रंग पाहिला, मुलाला जवळ बोलावून दाखवला. मग दोन प्रती मागितल्या, एक घरासाठी आणि एक कुवेतला असलेल्या भावाला पाठवायला.

पहिला फोटो अजून शाळेतच आहे. तो काढावा की ठेवावा, हे आमचे ठरलेले नाही. पाहुणे आले की त्याच्यासमोर थांबतात आणि सूर्याबद्दल विचारतात. आम्ही आधी होडीत कोण आहे ते सांगतो. मुलगा दहावी पास झाला. आमच्या जुन्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढच्या लाल खुणा तशाच आहेत. शासकीय कागद आहे, खाडाखोड चालत नाही.